किती हप्त्यांत?

ताल्काउआनोच्या बंदराजवळ, दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर
चार नंबरच्या काउंटरला मी उभी असते.
दिवसातून दोनशे वेळा तोंड आपोआप उघडतं :
किती हप्त्यांत?

गादी असो, इस्त्री असो, शाळेचा पांढरा सदरा असो,
लोक क्षणभर छताकडे बघतात,
जणू तिथे त्यांचं पुढचं वर्ष टांगलेलं आहे,
आणि म्हणतात, सहा. म्हणतात, बारा.
एक म्हातारा एकदा म्हणाला, जितके उरलेत तितके.
मी हसले नाही. मागे रांग होती.

सुटी झाली की गणवेशातच
मी काउंटरच्या पलीकडे जाते.
मग यास्ना मला विचारते,
आणि तिची पाळी संपली की मी तिला.
कर्मचाऱ्यांना दहा टक्के सूट आहे,
म्हणजे बुडणं जरा स्वस्तात पडतं.

निबाल्दो बोटीवर. वीस दिवस समुद्र, आठ दिवस घर,
त्या आठातले दोन तो नुसता झोपून काढतो.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण आमचं अंथरूणच चोवीस हप्त्यांवर.

आमच्या घरातल्या वस्तूंना किमती नाहीत, तारखा आहेत.
लाल स्केट्स : सप्टेंबरात रायेन शाळेत नाचली, मी कामावर होते.
भिंतभर टीव्ही : तिच्या वाढदिवसाला बोट वेळेत परतली नाही.
बोलणारी बाहुली : सलग तीन रविवार.
बाहुली कधीचीच मुकी झाली.
स्केट्स मेमध्येच लहान झाले.
हप्ते मात्र अजून होतात. घट्ट होतात, पण होतात.

जूनमध्ये शेगडीत रॉकेल भरायला पैसे नव्हते.
कोट घालून मी स्वयंपाकघरात बसले,
मासळीवाल्याने दिलेल्या कॅलेंडरचं पान उलटं करून
एकेक आकडा लिहीत गेले.
दुसऱ्यांच्या बिलात माझी एका पेसोचीही चूक होत नाही.
इथे तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा वेगळी आली,
आणि तिन्ही वेळा पगारापेक्षा मोठी.

टेबलाखाली रायेनने दुकान थाटलं होतं.
एक कांदा, दोन बटाटे, चमच्यांचा एक जुडगा.
कांदा केवढ्याला, मी विचारलं, आकड्यांवरून नजर न काढता.
तिने गळ्यात माझा बिल्ला अडकवला होता.
माझ्याच आवाजात म्हणाली : किती हप्त्यांत?

मी बारा म्हणाले.
बारा म्हणाले मी, एका कांद्याला.
तिने वाटाण्याचे दाणे पुढे सरकवले.
दर महिन्याला एक, विसरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरकडे गेले,
रविवारची पाळी सोडते म्हणाले.
त्याने गणकयंत्रावर माझं नुकसान मला दाखवलं,
चांगला माणूस आहे, दोनदा दाखवलं.
टीव्ही सासूबाईंच्या शेजाऱ्याने नेला, अर्ध्या किमतीत.
भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिलाय.
निबाल्दो आला, चौकोनाकडे बघत बराच वेळ जेवला.
मग म्हणाला, पुढच्या खेपेला आणू. मी काही बोलले नाही.
त्या रात्रीपुरतं आमचं भांडण तेवढंच.

पहिला रविवार काही फार छान नव्हता.
पाऊस होता, रायेन कंटाळली,
मी अकरापर्यंत झोपले, मग लाल भोपळ्याच्या पुऱ्या तळल्या,
दोन करपल्या.
दुपारी ती माझ्या पायावर पाय टाकून पडली
आणि छताकडे बघू लागली.
मला भीती वाटली, ही काय मागणार?
म्हणाली, आई, कांद्याचे अकरा राहिलेत.

एक भरला होतास? मी विचारलं.
मी तुझ्या वतीने भरला, ती म्हणाली, तू कामावर होतीस.

उठले. डब्यातून वाटाणे काढले,
एकेक मोजून तिच्या तळहातावर ठेवले.
अकराच्या अकरा.
तिने पुन्हा मोजून घेतले, माझ्यावर विश्वास न ठेवता,
आणि एक खाऊन टाकला. कच्चाच.