अकरापर्यंत

लाओ थान खाटीक म्हणाला, "कोण आजारी आहे रे घरात?"
मी म्हणालो, "कुणी नाही."
आईने तसंच सांगायला सांगितलं होतं.
मग हुकाला टांगलेलं तसंच ठेवून
त्याने फळीखालून दुसरं काळीज काढलं,
तांबूस, अजून कोमट,
आणि पैसे निम्मेच घेतले.
मिठाच्या विहिरींच्या आमच्या त्सिगोंगमध्ये
बातमीला पाय लागत नाहीत,
वाफेसारखी ती आपोआप जिने चढते.

पाच मजले पिशवी मांडीला घासत राहिली.
ती ऊब मला आवडली नाही.
बारा वर्षांचा होतो मी.

रुइशियाताई पहाटेच्या बसने आली होती,
छोंगछिंगहून, न कळवता,
एक बॅग, आणि अंगात कुणाचा तरी मोठा कोट.
"थकलेय," एवढंच म्हणाली.
आईने तिची खालची पापणी ओढून पाहिली,
बाजारात माशाचा कल्ला उचलून बघते तशी,
आणि माझ्या हातात नोट ठेवली.

काळीज पाण्यात घालायचं.
पाणी लाल झालं की ओतायचं.
पुन्हा पाणी, पुन्हा लाल.
तिसऱ्या खेपेला आईने पातेलं खिडकीशी धरलं,
त्यात बघत उभी राहिली, बराच वेळ,
आणि सगळं भसकन मोरीत ओतलं.
नळ तसाच वाहत ठेवला,
थेंबाथेंबाला ओरडणाऱ्या माझ्या आईने.

मग चिरणं. सुरी जवळजवळ आडवी.
"किती पातळ?"
"नाण्याइतकं. तुझ्या बापाच्या चपलेइतकं नाही."
पांढरी शीर दिसली की काढून टाकायची.
तांदळाची दारू, मीठ, वर रताळ्याच्या पिठीचा हलका हात.
आमच्याकडे लाडक्या लेकराला
काळीज आणि हृदय एका दमात जोडून हाक मारतात: शिनगान.
आईने ती हाक ताईला कितीतरी वर्षांत मारली नव्हती.
त्या दिवशीही मारली नाही.
फक्त चिरताना तिचे ओठ हलत होते.

लोणच्याची बरणी ताईच्या जन्माच्या वर्षी घातलेली.
मिरच्या संपतात, आलं संपतं,
खारं पाणी तेच.
आईने कोपरापर्यंत हात आत घातला.

कढई धुरावली. तेल.
"मोज," ती म्हणाली. "अकरापर्यंत. बारा झाले की वहाण होते."
एक. दोन. मिरच्या, आलं,
डोळ्यांत पाणी, खोकला.
तीन. काळीज पडलं
आणि घरातला सगळा आवाज त्या कढईने गिळला.
चार, पाच, कडा पांढरट,
सहा,
सात
आणि कढईच्या आवाजाखालून, बंद दाराआडून,
दुसरा एक आवाज आला,
तोंडात उशी कोंबल्यावर येतो तसा.

मी मोजायचा थांबलो.
आईचा झारा हवेत थांबला.
ज्योत तेवढी थांबली नाही.

बाबा मिठागारातून आले, हात धुऊन बसले,
एक तुकडा चावला, आणखी चावला.
"आज काय झालं तुला? चामडं झालंय."
"तुमच्यासाठी नाही केलेलं," आई म्हणाली,
आणि ताट ताईच्या पुढ्यात सरकवलं.
ताईने सगळं संपवलं. भातासकट. मान वर न करता.
कुणी काही विचारलं नाही,
तेव्हा नाही, नंतरही नाही.

आता कढई माझ्याकडे आहे.
मी एकटा असलो तरी मोठ्याने मोजतो,
आणि सातला हात आपोआप कानोसा घेतो.
ताई वसंताच्या सणाला येते, केस पिकलेत,
काळजाला शिवत नाही, तिच्यासाठी मी टोमॅटो-अंडं करतो.
यंदा भांडी विसळता विसळता तीच म्हणाली,
"त्या दिवशीचं चांगलं झालं होतं."
"कडक झालं होतं," मी म्हणालो. "चूक माझीच."
"हो ना," ती म्हणाली,
"म्हणून तर इतका वेळ नुसतं चावत बसता आलं."