जादा भोक

नाझारेना कागद उजेडाशी धरते.
कागदभर टाचणीची भोकं, त्यांतून गळणारी
देरूताची सकाळ, आणि त्या गळतीत
एक ड्रॅगन: कमरेखाली वेल झालेला,
गाल फुगवून फुंकर घालणारा.

पाचशे वर्षांपूर्वी तो रोमच्या भिंतींवर होता.
तिथल्या चित्रकारांनी तो उचलला
जमिनीत गाडल्या गेलेल्या खोल्यांमधून,
मशाली धरून, गुडघ्यांवर रांगत.
"अस्सल कुठला, ते विचारू नकोस," ती इल्देला सांगते.
"आपल्याकडे आला तो नकलेची नक्कल होऊन."

कोळशाच्या पुडीची पुरचुंडी
ती कागदावर हलके आपटते.
कागद उचलला की पांढऱ्या थाळीवर नुसते ठिपके.
"खोडता येत नाही हं. झिलई कच्ची आहे, तहानलेली.
कुंचला टेकवलास की प्यायली.
हा काळा दिसतोय ना, तो हिरवा होईल.
हा राखाडी, तो निळा.
भट्टी उघडेपर्यंत आपण आंधळ्याच."

जुन्या कागदावर ड्रॅगनच्या डोळ्याखाली
एक भोक जास्तीचं होतं.
ना डोळ्याचं, ना गालाचं, ना वाऱ्याचं.
सेत्तिमिओ टाचणी मारत असताना म्हणे
खालून हाक आली: मुलगी झाली!
कुणी म्हणे, मुलगी नव्हे, दूध उतू गेलं.
त्याला विचारलं तर म्हणायचा, माशी.

तेव्हापासून इथल्या प्रत्येक ड्रॅगनला तीळ.
लग्नाच्या थाळ्यांवर तीळ,
आंकोनाच्या दंतवैद्याच्या फळांच्या परातीवर तीळ,
पाद्र्याच्या सूपच्या वाडग्यातही, तळाशी,
सूप संपलं की दिसणारा.

कागदाची चाळणी झाली, तेव्हा
इल्देने नवा केला. नीटनेटकी पोरगी.
जादा भोक तिने गाळलं.

नाझारेनाने बारा थाळ्या रंगवल्या
आणि दिवसभर तिला काहीतरी टोचत राहिलं.
रेषा बरोबर. शेपटीचा वळसा बरोबर.
तरी जनावर अनोळखी,
दाढी काढून आलेल्या नवऱ्यासारखं.

भट्टीच्या दाराशी ती थांबली.
सगळ्यात बारीक कुंचला मागितला.
जांभळ्यात बुडवून, श्वास धरून,
बारा वेळा टेकवला.

इल्दे बघत होती. काही बोलली नाही.
मग टाचणी घेऊन तिने नव्या कागदाला
डोळ्याखाली एक भोक पाडलं,
जरासं खाली, जरासं डावीकडे.

नाझारेनाला ते दिसलं.
तिने भट्टीचं दार लावलं, कडी घातली,
"चल," म्हणाली, "घेवडा गार झाला असेल."