आकडा उमटला नाही

तुस्कानो मास्तर तराजू मांडायच्या आधी पंखा बंद करायचा.
मे महिना असो, सदरा पाठीला चिकटो,
पंखा बंद.
फुंकरीएवढा वारासुद्धा दारूचं वजन खोटं करतो, म्हणायचा,
आणि ते खोटं कळतं नळीत गेल्यावर.

टेबलावर एकच डबा. बाकीचे कपाटात,
किल्ली माझ्या पदराला.
मी तेव्हा चोवीस वर्षांची, अंबरनाथची,
हुद्दा कनिष्ठ लिपिक, चाचणी विभाग.
आईची उमर काडेपेटीच्या कारखान्यात गेलेली,
तिचं एक वाक्य मी डब्यासोबत घरून आणायची:
विस्तवाशी बोलावं ते मोजून.

पन्नास पितळी पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या,
तोंडं वर.
प्रत्येकीत तिचा तिचा वाटा पडला
की मास्तर बॅटरी घेऊन वाकायचा,
पन्नास विहिरींचं पाणी बघायचा.
एकीत दुप्पट नको. एक कोरडी नको.
"मॅग्नम म्हणजे काय हो?"
"मोठं. म्हणून माप बारीक."

एकदा तेविसावीवर दारात भोईर आला,
कॅन्टीनच्या कुपनांचं विचारायला.
मास्तर रागावला नाही. उत्तर दिलं, अगदी हसून.
भोईर गेल्यावर ठोकळा उचलला
आणि सगळ्या पुंगळ्या डब्यात परत रित्या केल्या.
"बावीस भरल्या होत्या, मला ठाऊक आहे," मी म्हणाले.
"मलाही ठाऊक आहे. पण ठाऊक असणं आणि..."
पुढचं बोललाच नाही. चमचा पुसला.
एक.

बोगद्याच्या तोंडाशी पिस्तूल लोखंडी चापात आवळलेलं.
पुढे दोन पडदे. पहिला ओलांडला की घड्याळ सुरू,
दुसरा ओलांडला की बंद,
आणि लाल आकडे: चारशे अकरा. चारशे नऊ. चारशे चौदा.
सेकंदाला मीटर, मी लिहायची.
तीच दारू, तेच वजन, वैशाखात चारशे एकवीस.
नवी पोरं मोठ्या आकड्याला शिट्टी मारायची.
मास्तर म्हणायचा, बाई, मोठ्यातून लहान वजा करा
आणि उरेल ते सांगा.
पाच उरले तर चहा.
वीस उरले तर पुन्हा तराजू.

मग तो गुरुवार. एकोणतिसावी फैर.
बार झाला नाही.
पलीकडच्या खोलीत कुणी खोकावं, तेवढंच.
ओल्या काडीचा आवाज. तो मला घरून माहीत होता.
पाटीवर आकडा उमटला नाही.

किणीकर उत्साहात पुढची गोळी सरकवत होता.
"थांब!"
वहीवाली बाई ओरडत नसते. मी ओरडले.
मास्तराने पिस्तूल रिकामं केलं, नळी सोडवली,
खिडकीशी धरली.
तिच्यातून मलंगगड दिसायला हवा होता.
अंधार दिसला.
गोळी मधोमध अडकून बसलेली,
आणि तिच्या पाठीवर आम्ही दुसरी सोडणार होतो.

खोक्यावर सही मास्तराचीच होती.
कुणी काही म्हणालं नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू.
"लिही," तो म्हणाला.
मी लिहिलं: एकोणतीस, वेग नाही.
"कारणही लिही."
माझं पेन थांबलं. त्याने वही ओढून घेतली,
आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं: पुंगळी रिकामी. भरणाऱ्याची नजर.
उरलेल्या एकवीस त्याने संध्याकाळपर्यंत एकेक करून उकलल्या.
एकवीसही बरोबर निघाल्या.
दुसऱ्या दिवशी बॅटरी माझ्या हातात दिली,
चष्म्याची गोष्ट काढली नाही.

आता मी निवृत्त. मोठे आवाज मला घाबरवत नाहीत,
लग्नाच्या फटाक्यांत झोप लागते.
लेक ऐरोलीहून रोज रात्री फोन करते,
सासू, पाण्याची वेळ, पोराची शाळा, तारस्वरात.
मी ऐकत भाजी निवडते.

परवा म्हणाली, "बरी आहे गं."
एवढंच. ओल्या काडीसारखं.

मी गॅस बंद केला.
पंखा बंद केला.
"थांब," म्हणाले, "फोन ठेवू नकोस,"
आणि पायाने चप्पल शोधू लागले.