हागियात फोन उचलत नाहीत

स्टेशनाबाहेर पडलात की डाव्या हाताला माझी खिडकी.
एका डब्याची गाडी दिवसातून सहादा येते,
उतरणारा बॅग पायाशी टेकवतो आणि विचारतो,
"राहायला कुठे बरं?"

मी आधी बूट बघते.
काळे, चकचकीत असले तर पुलापलीकडचं हॉटेल:
अरुंद खोल्या, कडक उशा,
आणि कोणी तुमच्याशी बोलणार नाही याची हमी.
चिखलाचे असले तर डोंगरावरचं देऊळ,
तिथे पहाटे पाचला घंटा होते
आणि भिक्षू स्वतः सार वाढतात, थोडं खारट.
सोबत छोटे बूट असले तर बंदरावर ओकिमोतोंकडे,
खेकडे, आरडाओरडा,
न्हाणीघराच्या खिडकीत समुद्र.

यादीत चौथं नाव आहे, हागिया.
त्यावर कोणी बोट ठेवलं तर मी म्हणते,
"तिथे फोन उचलत नाहीत हो."
अकरा वर्षं म्हणते आहे.

कारण चारचौघांत सांगण्याजोगं नाही.
माझी आई हागियात भांडी घासायची.
एकदा तिच्या ओल्या हातातून हिरव्या झिलईचा वाडगा निसटला,
किनुएबाईंनी तीन महिने पगार कापला.
आईने ब्र काढला नाही.
मी तो हिवाळा भावाच्या बुटांत काढला,
पुढे कापडाचे बोळे कोंबून.

मग मागच्या जानेवारीत बर्फाने रूळ गिळले.
शेवटची गाडी सुटलीच नाही. माझं घर दोन स्टेशनं पुढे.
खिडकीपाशी एकच माणूस उरला, कुनिसाकी,
गावोगाव फिरून कानाची यंत्रं विकणारा,
पायात कापडी बूट, घोट्यापर्यंत भिजलेले.
या बुटांना कुठे पाठवायचं ते मला कधीच ठरवता आलेलं नाही.

हॉटेल भरलेलं. देवळाचा रस्ता बंद.
ओकिमोतो म्हणाले, माणसं पडवीत झोपलीत, मित्सुयोसान, माफ करा.
कुनिसाकींनी यादीवर बोट सरकवलं.
मी तोंड उघडलं, मिटलं, फोन फिरवला.

वाजत राहिला.
वाजतच राहिला.

चालत गेलो. तो पुढे, मी त्याच्या पावलांच्या खड्ड्यांत पाय टाकत.
दार उघडंच होतं. आत किनुएबाई,
केवढीशी झालेली,
भिंतीवरचा फोन खणखणत असताना (मोबाईल बंद करायचं मी विसरले होते)
शेंगा सोलत बसलेली.
मी खिशातून यंत्र काढून आवाज थांबवला.
तिला काही फरक पडला नाही.

अकरा वर्षं मी खोटं बोलत होते.
त्यातलं किती खरं होऊन बसलं, कोण जाणे.

जेवणात मुळ्याचं सार आलं. प्लॅस्टिकच्या वाडग्यात.
"हल्ली सगळी हीच," ती मोठ्याने म्हणाली, बहिरी माणसं बोलतात तसं,
"फुटत नाहीत. आणि ओरडावं कोणावर?"
नोंदवहीत मी आईचं आडनाव लिहिलं.
तिने चष्मा लावून वाचलं, बराच वेळ वाचलं,
आणि दुसरी गादी काढून दिली, जाड.
माफी वगैरे काही नाही. मीही मागितली नाही, दिली नाही.

रात्री पलीकडच्या खोलीत कुनिसाकींचं घोरणं.
छपरावरून बर्फ घसरून पडायचं, धप्प,
आणि मी दर वेळी दचकून जागी व्हायची,
काहीतरी हातातून सुटल्यासारखी.

सकाळी बिल. पूर्ण. एक येनसुद्धा कमी नाही.
यंत्र तिने घेतलं नाही, "ऐकायचं काय राहिलंय?"

दुपारी रूळ मोकळे झाले. पहिल्या गाडीने दोघी बहिणी उतरल्या,
सत्तरीच्या पुढच्या, एकसारख्या लोकरी टोप्या.
बूट बघायला मी वाकले नाही.
"हागिया?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, जिना उभा आहे, कठड्याला धरून चढा.
सार चांगलं. गादी जाड.
फोन मात्र उचलत नाहीत.
तुम्ही सरळ जा, दार उघडं असतं.