अर्धं बनियन

पहिल्या मंगळवारी बोरस्ते सर म्हणाले,
घरातलं एक सुती बनियन आणा.
जुनं चालेल, नायलॉनचं नको.
बाया पदरात हसल्या.
जनाबाई भुसारेनं विचारलंच, घालायचं कुणाला, सर?
सर म्हणाले, जमिनीला.

मी नवऱ्याचं नेलं. दोरीवरून ओढलं,
त्याला विचारलं नाही.
टराटर दोन तुकडे केले.
गळ्याकडचा समाजमंदिरामागे पुरला, वीतभर खोल,
जिथे वर्षभर पालापाचोळा अंथरलेला.
खालचा नेला कादवेकाठी,
पिंगळे अण्णांच्या द्राक्षबागेत.
अकरा वर्षं मी तिथे छाटणीला जाते,
ननाशीहून पहाटे, पिकअपमध्ये उभ्यानं.
अण्णा म्हणाले, सरकारला दुसरे धंदे नाहीत.
पण जागा स्वतः दाखवली.
काठी ठोकली. काठीला लाल चिंधी.

मग दर मंगळवार.
ताग फुलायच्या आधी गाडायचा.
उघडी जमीन म्हणजे उघडं अंग, झाकायची.
मूठभर माती दाबायची, बोटानं टोचायची,
भुगा झाला तर बरी, वीट राहिली तर तिचं काही खरं नाही.
एकदा डोळे मिटून हुंगायला लावली.
वास कळत होता, नाव सापडेना.
जनाबाई म्हणाली,
शेंगा उकडताना पातेल्यावरचं झाकण काढलं की येतो, तो.
सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

आंब्याची पाचर मला पहिल्या फटक्यात बसली.
सर म्हणाले, यमुनाबाई, आधी शिकलाय कुठे?
मी म्हटलं, कात्री ओळखते मला.

अवघड गेला तो फळा.
एका कलमाचा हिशेब मांडा, म्हणाले.
पिशवी दीड रुपया.
माती, गांडूळखत, तीन.
कोय फुकट, शाळेतल्या पोरांनी चोखून टाकलेली.
काडी चार. जाळीचा वाटा दोन.
दहातली तीन मरतात,
त्यांचंही भाडं जिवंतांनीच भरायचं.
विकाल कितीला?
वीस, मी म्हटलं. जोरात.
सर फळ्याकडे बघत राहिले.
यात तुमची मजुरी कुठाय?
मजुरी कसली, सर? माझंच तर आहे.

बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, लागत नव्हती.

दुसऱ्याच्या बागेत मी हजेरी बोटांवर मोजते,
पाव दिवस कापला तर मुकादमाशी भांडते.
आणि इथे, आठ महिने पाणी, निंदणी, रात्री डुकरांची राखण,
त्याचा रकानाच नव्हता.
सरांनी एक रेघ ओढली, खडू माझ्या हातात दिला.
मी सात लिहिले.
पुसले.
बारा लिहिले, आणि बायांकडे न बघता खाली बसले.

सप्टेंबर संपता संपता उकरलं.
समाजमंदिरामागे हाताला लागलं ते एवढंच :
गळ्याची शिवण, दोऱ्याला लोंबणारं लेबल,
त्यावर नवऱ्याचं माप, पंच्याऐंशी,
आणि शिवणीत गुंडाळलेला एक गांडूळ.
बाकी सगळं खाल्लेलं.
जनाबाई टाळ्या वाजवायला लागली,
जशी पंगतीत कुणी शेवटचा लाडू संपवल्यावर वाजवतात.

अण्णांच्या बागेतलं निघालं तसंच.
जरा पिवळं. पिळलं असतं तर तवा पुसता आला असता.
अण्णांनी ते उलटंपालटं केलं, उन्हात धरलं.
कापड चांगलं होतं, म्हणाले.
कुणी हसलं नाही.
दोन ओळींच्या मधे ते बराच वेळ उभे राहिले,
चपलेनं ढेकूळ फोडायला बघत.
फुटेना.

मग म्हणाले, परत पुर.
या दोन ओळींत फवारा नको, ताग टाकू,
पुढच्या वर्षी बघू.

मी खड्डा केला, कापड ठेवलं, काठी ठोकली.
चिंधी नवी बांधली.
हात झटकत म्हटलं,
अण्णा, अर्ध्या दिवसाची हजेरी मांडा.