चिमूटभर

चर्चच्या तळघरात, मंगळवारी संध्याकाळी,
मी सांगत होते: ओल्या रंगावर मीठ, चिमूटभरच.
फिलोमेना थांबली.
कागद तिरका धरून दिव्याखाली बघत राहिली.
"चकाकी जाऊ दे आधी.
मासा रडत असताना टाकलं तर वाहून जातं,
सुकल्यावर टाकलं तर नुसतं बसून राहतं."
मग मूठ भरली
आणि मनगटाच्या एका झटक्यात
अख्खा निळा पेरून काढला.

न्यूफाउंडलंडच्या या खाडीत
बत्तीस वर्षं कॉड खारवला तिनं,
कारखान्याला कुलूप लागेपर्यंत.
चिमूट तिच्या हाताला ठाऊकच नव्हती.

मीठ पाणी ओढू लागलं. निळ्यावर ठिपके उमटले.
"पाठ आहे ही," ती म्हणाली. कुणाची, ते नाही सांगितलं.

त्यानंतर माझं काही ऐकलं नाही तिनं.
जाळ्याचा तुकडा डिंकात बुडवून चिकटवला,
चहाच्या पुडीचा कागद फाडून धुकं केलं,
मेणबत्तीनं कोऱ्या कोपऱ्यात काही लिहिलं,
पांढऱ्यावर पांढरं.

खडक हवे होते. मी सुरी पुढे केली.
तिनं पर्समधून कारखान्याचं ओळखपत्र काढलं,
फोटो विटलेला, नंबर शाबूत,
आणि त्याच्या कडेनं ओला काळा रंग ओढला,
खर्र, खर्र,
एकेक खडक उघडा पडत गेला.

शेवटी राखाडी पाण्याचा रुंद हात फिरला
तशी मेणाची अक्षरं वर आली:
एका होडीचं नाव, अर्धंच.
बाकीचं जाळ्याखाली गेलं होतं.

मी विचारलं नाही.
ती ओळखपत्र पुसत बसली होती,
आधी नंबर,
मग फोटो.