एकशे चार ओळी

उद्यमनगरात, लेथच्या वरच्या माळ्यावर
मी कोड लिहिते. लिहिते कसली, खोडते.
परवा तीनशे ओळी होत्या, आज एकशे चार.
खाली इलाहीभाई शिकलगार बुश कातताहेत,
त्याचा हादरा माझ्या चहात गोल गोल.

उरलंय ते एवढंच:
एक गाठ, जिथं काम होतं,
एक बाण, पुढं कुठं ते सांगणारा,
आणि मधे डबा, सगळ्यांनी हात घालायचा.
मॉडेल बाहेरच. भाड्यानं आणलेला बोलका गडी.

त्याला तक्रारी वाचायला बसवलं
तर इचलकरंजीच्या गिऱ्हाइकाला ठणकावून सांगितलंन,
तुमचा माल मंगळवारीच निघाला.
माल अजून लेथवर होता.

मग एक बाण मागं वळवला:
माहीत नसेल तर खाली विचार.

पहिलाच प्रश्न इलाहीभाईंच्या मोबाइलवर गेला.
जिना चढून आले, स्क्रीनकडं बघत राहिले.
"ह्यात मशीन कुठाय?"
मशीन नाही, म्हटलं. चक आहे. जॉब धरतो फक्त.
"मग आवळतीस किती?"

सुचेना.
ते गेल्यावर चौऱ्याऐंशीवी ओळ
खोडली, परत लिहिली.
टेबलाच्या कडेला
त्यांच्या बोटांचं तेल तसंच.